शाळेतील उमेदवारी आणि जगाची ओळख

(नेपानगर येथे शिक्षक, ग्रामस्थ व तरुण कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नेपानगर हे गावाचे नावच मुळी कागदापासून झालेले आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स' या कंपनीच्या नावातील अक्षरे जुळवून 'नेपा' हा शब्द तयार झाला आणि गिरणीभोवती वसलेल्या वस्तीस तोच चिकटला. त्याआधी देशातील वृत्तपत्रांना लागणारा कागद परदेशांतून आणावा लागे. जानेवारी १९५५ मध्ये येथे उत्पादनास प्रारंभ झाला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ही गिरणी राष्ट्रास अर्पण केली. सभोवतालच्या जंगलातील सालई आणि बांबू यांचा लगदा करून त्यावर देशोदेशीच्या वार्ता छापल्या जाव्यात, अशी ही योजना होती. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वृत्तपत्राचा कागद बनविणारी देशातील एकमेव गिरणी हीच होती. पुढे दिवस पालटले. २०१६ मध्ये उत्पादन थांबले. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, ते मात्र जंगलातील लाकडावर नव्हे, तर रद्दी कागदाच्या लगद्यावर.

हा इतिहास येथील वृद्ध कामगारांना तोंडपाठ आहे. तो येथे सांगण्याचे कारण इतकेच की, जगाची बातमी ज्या गावच्या कागदावरून घरोघर पोहोचली, त्या गावच्या आणि त्याच्या आसपासच्या पाड्यांतील मुलांना जगाची ओळख कोणी व कशी करून द्यावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे. अलीकडे शाळांमध्ये 'जागतिक शिक्षण' या नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था बऱ्याच निघाल्या आहेत. महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण-तरुणी दोन महिने, सहा महिने, क्वचित वर्षभर अशा संस्थांत काम करतात. सरकारी परिभाषेत यास 'आंतरवासिता' म्हणतात. पण या गोष्टीसाठी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी.

सुताराच्या, सोनाराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा पहिले काही महिने काय करीत असे? हत्यारे पुसून ठेवणे, भुसा झाडणे, कागद जुळवून देणे आणि उस्तादाचा हात कसा चालतो ते न बोलता पाहणे. रंधा हातात मिळे तो उशिरा. आजचा उमेदवार मात्र बहुधा पहिल्याच दिवशी रंधा मागतो. पाच दिवसांचे शिबिर झाले की, वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकास शिकविण्याची नवी पद्धत समजावून सांगण्यास तो निघतो. यात त्याचा दोष थोडा आणि त्याला पाठविणाऱ्या संस्थेचा अधिक असतो. सुताराच्या उमेदवाराकडून एखादी फळी बिघडली तर ती चुलीत घालता येते. मुलाचे शाळेतील वर्ष बिघडले तर ते परत आणता येत नाही, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

'जागतिक शिक्षण' ही कल्पना काल-परवाची नव्हे. युनेस्कोने १९५३ मध्ये १५ देशांतील ३३ शाळा एकत्र आणून परस्परांशी संलग्न अशा शाळांची एक योजना सुरू केली. महायुद्धाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या आणि एका देशाच्या मुलांना दुसऱ्या देशाची मुले शत्रू वाटू नयेत, हा त्यामागील हेतू होता. १९७४ मध्ये याच संघटनेने आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाविषयी सर्व राष्ट्रांना एक शिफारस केली. २०२३ मध्ये तिची जागा नव्या शिफारशीने घेतली. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे. परंतु शब्द धोरणात आला म्हणजे तो वर्गात उतरतोच असे नाही. पुष्कळ ठिकाणी जागतिक शिक्षण म्हणजे इंग्रजी बोलणे, असा समज आहे. काही ठिकाणी वर्षातून एक दिवस मुले निरनिराळ्या देशांचे पोशाख घालतात, कागदी ध्वज हलवतात, छायाचित्रे निघतात आणि कार्यक्रम संपतो. त्यात वाईट काही नाही. तथापि त्यातून मुलास जगाविषयी काय कळले, हा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड जाते.

जगातील विचार गावच्या शाळेत खरोखर रुजतो तेव्हा त्याचे रूप पालटलेले असते. माँटेसोरी पद्धतीचा जन्म इटलीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेली. विलायती साधने महाग होती आणि त्या मुलांना परकीही होती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आली. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. अनुताई तेव्हा अनुभवी शिक्षिका होत्या, तरीही ताराबाईंच्या हाताखाली त्यांनी नव्याने उमेदवारी केली. त्या कामाचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रास सांगावयास नको. 'अंगणवाडी' हा शब्दच आता देशभर चालतो.

पण नेपानगरला याहून जवळचे उदाहरण आहे आणि त्यासाठी याच स्थानकावरून गाडी धरली तरी पुरते. खांडवा, हरदा ओलांडून इटारसी, आणि इटारसीपुढे होशंगाबाद. (२०२२ पासून त्या जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम् झाले आहे, येथे जुन्या नावानेच उल्लेख केला आहे, कारण ज्या उपक्रमाची हकीकत सांगावयाची तो त्याच नावाने ओळखला जातो.) होशंगाबादजवळच्या रसुलिया येथे क्वेकर पंथीयांचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' हे केंद्र होते. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचे काम केलेल्या मार्जोरी साइक्स या इंग्रज बाई पुढे येथेच राहत असत. त्या १९२८ मध्ये मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या आणि आयुष्याचा बहुतेक काळ या देशात राहिल्या. त्याच जिल्ह्यातील बनखेडी भागात १९७० च्या दशकाच्या आरंभी 'किशोर भारती' ही संस्था निघाली. तिचे एक संस्थापक अनिल सद्गोपाल हे अमेरिकेत संशोधन करून आलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ होते.

या दोन संस्थांनी राज्य शासनाची अनुमती घेऊन १९७२ मध्ये जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान शिकविण्याचा एक वेगळा प्रयोग आरंभिला. मुलांनी विज्ञान पाठ करावयाचे नाही, करून पाहावयाचे. चार-चार मुलांची टोळी, तिच्यापुढे साधे साहित्य आणि पुस्तकात उत्तराऐवजी प्रश्न. त्या पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक'. पाने गोळा करा, त्यांच्या शिरा पाहा, गट पाडा. बिया पेरा, उकरून पाहा. नाणे शंभर वेळा उडवा आणि मोजा. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे आणि काही गुण प्रत्यक्ष प्रयोग करण्यावर असत. जे पुस्तकात उतरवून घेता येत नाही तेच विचारावयाचे, असा त्यामागील हिशेब होता. मुलांच्या मनात उठणाऱ्या शंकांसाठी 'सवालीराम' नावाचा एक कल्पित गृहस्थ निर्माण करण्यात आला. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्याच्या नावाने उत्तरे जात. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यातील माध्यमिक शाळांना लागू झाला आणि १९८२ मध्ये तो पुढे चालविण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली.

या कामात बाहेरून येणाऱ्यांची गर्दी पुष्कळ होती. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक व विद्यार्थी, संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ, तंत्रशिक्षण घेतलेले तरुण असे अनेक जण सुट्टीत किंवा रजा काढून येत. ते आले म्हणजे वर्गाचा ताबा घेत असे नाही. वर्ग शिक्षकाचाच असे. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक स्वतः मुलांप्रमाणे टोळीत बसून प्रयोग करीत. शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर बसत आणि एखादा प्रयोग फसला तर तो का फसला हे दोघे मिळून शोधत. नंतर शाळाभेटी होत, त्यांना 'अनुवर्तन' म्हणत. महिन्यातून एकदा शिक्षकांची गोष्ठी भरे. कोणता प्रयोग वर्गात जमला नाही, कोणता प्रश्न मुलांना समजला नाही, हे तेथे मांडले जाई. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्याचा उपयोग होई. बाहेरून आलेल्याने हे ऐकून घ्यावयाचे आणि टिपून घ्यावयाचे. वरवर पाहता हे काम फार साधे वाटते. अवघड तेच आहे.

अशा उमेदवारांपैकी एकाची हकीकत पुष्कळांच्या परिचयाची आहे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरीस लागले. विद्यार्थिदशेत त्यांनी वसतिगृहाच्या खानावळीतील कामगारांच्या मुलांना शिकविले होते आणि अनिल सद्गोपाल यांचे एक व्याख्यानही तेथेच ऐकले होते. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादच्या कार्यक्रमात सामील झाले. मोटारगाड्यांच्या कारखान्यातील ज्ञानाचा येथे काय उपयोग, हा प्रश्न कोणासही पडला असता. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या वस्तू धुंडाळताना सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणि आगपेटीतील काड्या यांवर त्यांची दृष्टी गेली. नळीचा लहान तुकडा कापावयाचा आणि त्याच्या दोन टोकांत दोन काड्या खोवावयाच्या. वाकणारा सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या धक्क्याने कलंडतो. छपराच्या कैच्या आणि रेल्वेचे लोखंडी पूल त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे येथे मुलाला न सांगताच कळते. तापीवरील किंवा नर्मदेवरील पुलावरून गाडी जाताना ते खिडकीतून त्रिकोण मोजू लागते.

गुप्ता यांनी पुढे नोकरी सोडली. काड्यांच्या या प्रतिकृतींवरील त्यांचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत (तिची वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 'पुलस्त्य' या नावाने उभी आहे) त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी तयार केली आणि त्यांच्या चित्रफिती कितीतरी भाषांत जगभर पाहिल्या जाऊ लागल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. या प्रवासात जगाची वस्तू खेड्यात आली नाही. खेड्याच्या बाजारातील वस्तू जगात गेली. जागतिक शिक्षणाचा रस्ता एकाच दिशेने चालत नाही, हे ज्या संस्था विसरतात त्यांचे उमेदवार गावात नुसते वाटप करून परततात.

दुसरे उदाहरण तर बुऱ्हाणपूरच्या शेजारी आहे. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील खिरोदा येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने परिसरातील शाळांतून विज्ञान शिक्षण सुधारण्याचा प्रकल्प चालविला. हे केंद्र १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने निघाले आणि वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक होते. खेड्यातील मुलांना विज्ञान जड जाते ते साहित्य नसल्यामुळे की शिक्षक नसल्यामुळे, असा प्रश्न घेऊन मंडळी आली. त्यांना जे आढळले त्यात भाषेचा वाटा मोठा होता. पुस्तकातील मराठी मुलांच्या मराठीपासून दूर होती. वाक्ये लांब, शब्द संस्कृतप्रचुर. पाठ सोप्या भाषेत लिहून दिल्यावर मुलांची समज वाढते, असा अनुभव तेथे आला.

खिरोद्याचा हा अनुभव नेपानगरला अधिकच लागू पडतो. येथील शाळेच्या एकाच बाकावर घरी कोरकू बोलणारे मूल, निमाडी बोलणारे मूल आणि मराठी बोलणारे मूल शेजारी शेजारी बसलेले असते, आणि शिक्षण हिंदीतून चालते. यांतील पहिल्या मुलाला दोन भाषा ओलांडाव्या लागतात. येथे उमेदवारी करण्यास येणाऱ्या तरुणाने जगाचा नकाशा उघडण्यापूर्वी या बाकाचा नकाशा समजून घ्यावा. 'पाणी', 'सावली', 'उद्या', 'का' यांना कोरकूत काय म्हणतात, हे त्याने मुलांकडूनच शिकावे आणि फळ्यावर तिन्ही-चारही भाषांतील शब्द लिहावेत. आपल्या घरातील शब्द फळ्यावर पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते अहवालात लिहिता येत नाही. शिवाय, एकाच वस्तूला अनेक नावे असतात आणि त्यांतील कोणतेही चूक नसते, हे कळणे हा जागतिक शिक्षणाचा पहिला पाठ नव्हे काय? त्यासाठी परदेशी जावयास नको.

आता होशंगाबादच्या हकीकतीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय तरुणांना या कामाची खरी कल्पना यावयाची नाही. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने शाळांतून बंद झाला. त्यावर देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी खेद व्यक्त केला. पण कार्यक्रमावरील आक्षेपही अगदीच निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाहीत. पुस्तकात उत्तरे नाहीत, मग मुलाने वाचावयाचे काय. बाकी जिल्ह्यांतील मुले जे पाठ करतात ते आमच्या मुलांना येत नाही, मग पुढच्या परीक्षांत त्यांचे कसे होणार, अशा शंका उपस्थित केल्या जात. शेतात राबून मुलाला शाळेत धाडणाऱ्या बापाच्या मनात अशी भीती आली तर तिला अडाणीपणा म्हणता येत नाही. आपल्या मुलावर प्रयोग होत आहे, असे ज्याला वाटते त्याला तो प्रयोग समजावून सांगणे हा प्रयोगाचाच भाग असतो. शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांच्यातील नाते तेथे उत्तम जमले. पालकांपर्यंत ते तितके पोहोचले होते काय, हा प्रश्न राहतोच.

कार्यक्रम बंद झाला म्हणून सारे पुसले गेले असेही नाही. त्या गोष्ठींत घडलेले शिक्षक शाळांत राहिले. एकलव्यची 'चकमक' आणि 'संदर्भ' ही मासिके-द्वैमासिके निघत राहिली. त्या 'संदर्भ'वरून स्फूर्ती घेऊन पुण्याच्या मंडळींनी 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी नियतकालिक चालविले. म्हणजे होशंगाबादच्या हिंदी वर्गांत उगवलेले प्रश्न मराठी शिक्षकांच्या हाती आले. परंतु एखाद्या शाळेतील पाचवीच्या मुलाने आपल्या मोठ्या भावाचे 'बाल वैज्ञानिक' पाहून ठेवले असेल आणि सहावीत गेल्यावर त्याच्या हाती निराळेच पुस्तक आले असेल, तर त्याचे जे नुकसान झाले त्याची भरपाई मासिकांनी होत नाही.

म्हणून उमेदवारी स्वीकारण्यापूर्वी तरुणाने संस्थेस एक प्रश्न विचारावा: मी निघून गेल्यावर हे काम कोण करील? याचे उत्तर एखाद्या शिक्षकाच्या नावाने मिळाले तर काम घ्यावे. 'पुढची तुकडी येईल' असे मिळाले तर विचार करावा. दर सहा महिन्यांनी नवा चेहरा, नवा खेळ, नवे गाणे. मुलांना लळा लागतो आणि तुटतो. शिक्षकही मग शहाणे होतात व पाहुणा जाईपर्यंत स्वस्थ बसतात. याशिवाय काही व्यावहारिक गोष्टी आहेत. निर्वाहाचा खर्च संस्था देते की नाही, हे लेखी विचारण्यात संकोच नसावा. नाही तर ही उमेदवारी खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलांपुरती राहते आणि गिरणी कामगाराच्या अथवा शेतमजुराच्या मुलीला ती कधीच परवडत नाही. मुख्याध्यापकांची आणि शिक्षण विभागाची अनुमती घेतल्याविना वर्गात पाऊल टाकू नये. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून कोठेही प्रसिद्ध करू नयेत. गरीब मुलाचा उघडा पाय ही कोणाच्या देणगीपत्रकाची शोभा नव्हे.

दूरच्या शाळांशी संबंध जोडण्याची साधने आज पूर्वीपेक्षा कितीतरी सोपी झाली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लक्ष डॉलरच्या रकमेपैकी अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. पाठ्यपुस्तकांतील संकेतचौकटी आणि दृक्‌श्राव्य भेटींतून परदेशांतील वर्गांशी संवाद, ही त्यांच्या कामाची अंगे होती. हे एका खेड्यातील शाळेतून झाले. परंतु पडद्यावर दोन वर्ग समोरासमोर आले, मुलांनी हात हलविले, नावे सांगितली, पुढे काय? दोन्ही वर्गांना मिळून करण्यासारखे, एकट्याने होणार नाही असे, काही काम हाती हवे. असे एक काम येथे तपशिलाने सांगण्यासारखे आहे. त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

वर्षातून दोनदा, २१ मार्चच्या आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस आणि रात्र समान असतात. त्या दिवशी भर मध्यान्ही सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर माथ्यावर असतो. नेपानगर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकवीस अंशांवर आहे. शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली तर त्या मध्यान्ही तिची सावली सुमारे ३९ सेंटिमीटर भरेल. कन्याकुमारी साधारण याच रेखावृत्तावर, पण आठ अंशांवर आहे. तेथील शाळेत तशाच काठीची सावली सुमारे १४ सेंटिमीटर भरेल. एकच सूर्य, एकच उंचीची काठी, आणि सावल्या दोन. पृथ्वी सपाट असती तर असे झाले नसते. मोठ्या मुलांनी काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजावेत. दोन कोनांतील फरक सुमारे साडेतेरा अंश निघेल. दोन गावांमधील दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे १,४८५ किलोमीटर मिळते. साडेतेरा अंशांना इतके, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक सातवीचे मूल करू शकते. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येते. तोच पृथ्वीचा परीघ. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इराटोस्थेनीसने हाच विचार करून पृथ्वी मोजली होती.

नेपानगरच्या मुलांना हे मोजमाप एकट्याने करता येत नाही, यातच त्याचे मोल आहे. कन्याकुमारीच्या मुलांनी आपली सावली प्रामाणिकपणे मोजली तरच यांचे उत्तर बरोबर येते. तेथील मुलांची भाषा निराळी, अन्न निराळे. पण आकडा एकच वाचावा लागतो. जुळणी कन्याकुमारीशीच हवी असे नाही. पुरेसे दक्षिणेकडील किंवा उत्तरेकडील कोणतेही गाव चालेल. मग ते परदेशातील असले तरी हरकत नाही, मात्र दोघांनीही आपापल्या मध्यान्हीची, म्हणजे सर्वांत आखूड झालेली सावली घ्यावी. घड्याळातील बाराची वेळ आणि सूर्याची मध्यान्ह एक नसते, हे मुलांना दर पाच मिनिटांनी खूण करताना आपोआप दिसून येईल. (नेपानगर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा येथे मध्यान्ही सावली पार नाहीशी होते, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा जुलैच्या मध्यास. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते, हे दुर्दैवच म्हणावयाचे!)

या कामात उमेदवाराचे स्थान कोणते? दुसऱ्या गावच्या शाळेचा पत्ता मिळविणे, तेथील शिक्षकाशी पत्रव्यवहार जुळवून देणे, ओळंबा नीट धरला आहे की नाही हे पाहणे, आणि ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पटांगणात उभे राहणे. काठी उभी करावयाची ती शिक्षकाने आणि मुलांनी. आकड्यांची वही शाळेच्या दप्तरात राहावी, उमेदवाराच्या पिशवीत नव्हे. मुलांच्या घरी पालकांना सांगावे की, त्या दिवशी मुले दुपारी उन्हात का उभी होती आणि त्यांनी काय मोजले. शक्य झाल्यास एक-दोन पालकांना बोलवावे; गवंडीकाम करणाऱ्या पालकाइतका ओळंबा कोणालाच नीट लावता येत नाही.

मार्चमध्ये मोजमाप चुकले, आकडा तीस हजार किंवा पन्नास हजार आला, तर तो खोडू नये. वहीत तसाच ठेवून त्याखाली चूक कोठे झाली असावी याविषयी मुलांचे अंदाज लिहून घ्यावेत. काठी शाळेच्या कपाटामागे उभी करून ठेवावी. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा लागेल, आणि तोवर उमेदवार आपल्या गावी परतलेला असेल.